दुर्बिणीखालची माशी

अमेरिकेत सण तिथीला येत नाहीत, शनिवारी येतात. खरी खंडेनवमी मधल्या वारी होऊन गेली होती, तरी व्हर्जिनियातल्या हर्नडनच्या घरात शस्त्रपूजा मांडली गेली ती शनिवारी सकाळीच. मीनाक्षीबाईंनी देवापुढे हात जोडून उशिराबद्दल माफी मागितली. देवालाही आता या घराच्या कॅलेंडरची सवय झाली असावी.

दोन पाट जोडून लाल कापड अंथरलं होतं. त्यावर विळी, शिवणाची कात्री, मुलगा सिद्धेशचा ऑफिसचा लॅपटॉप, जावई अतुलच्या गाडीची किल्ली, आणि मधोमध मीनाक्षीबाईंच्या नवऱ्याची, आबांची, हरणाच्या शिकारीची बंदूक. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, सिद्धेशने नेहमीप्रमाणे काढून तळघरातल्या तिजोरीत कुलपात ठेवला होता. त्याच्याशिवाय ती म्हणजे एक जड, देखणी काठी होती. तरी मीनाक्षीबाई तिच्यापुढे वाकताना पदर सावरून बाजूनेच वाकत.

आरती संपली, कापूर विझला आणि आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "सोमवारी ही मिलरकडे जाईल. माशी बसवून घ्यायची आहे."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा छोटा लोखंडी उंचवटा. मागे एक खाच असते, पुढे माशी, आणि दोन्ही एका रेषेत आणून नेम धरायचा. दुर्बिणी आल्या नव्हत्या तेव्हा सगळं जग असाच नेम धरत होतं. आबांच्या बंदुकीवर मात्र पहिल्या दिवसापासून फक्त दुर्बीणच होती. माशी बसवायची तर बंदुका दुरुस्त करणारा मिलर त्या गुळगुळीत नळीला भोकं पाडणार होता.

"ड्रिल करणार? या बॅरलला?" सिद्धेशच्या हातातला प्रसाद तसाच राहिला. "आबा, कशाला पण? स्कोप एकदम ओके आहे."

"दुर्बीण म्हणजे शेवटी काच. काच कधी दगा देईल सांगता येत नाही."

"कधी दिलाय दगा?"

सिद्धेशच्या बहिणीने, सावनीने कपाळाला हात लावला. हा प्रश्न या घरात विचारायचा नसतो, कारण त्याला एक गोष्ट लागून येते. एका नोव्हेंबरात आबा ओढा ओलांडताना घसरले, दुर्बीण दगडावर आपटली, आतून धुकं धरलं, आणि नेमकं तेव्हाच समोर हरीण येऊन उभं राहिलं. आबा काचेतून बघतायत आणि पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नाहीये. पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्या हरणाच्या शिंगांना सहा फाटे होते. आज ते दहावर गेले.

"दहा!" आबांनी दोन्ही पंजे पसरून दाखवले. "तेव्हा माशी असती, तर?"

"तर आईला गॅरेजमधल्या शेगडीवर अजून एक पातेलं चढवावं लागलं असतं," सिद्धेश म्हणाला. मीनाक्षीबाई स्वतः मटण खात नसत, पण आबांनी आणलेलं काळा मसाला घालून असं शिजवून देत, की शेजारचे गोरे लोक डबे घेऊन दारात येत.

"बंदूक आबांची आहे," सावनी म्हणाली. ती काल रात्रीच नवऱ्याला घेऊन पार्सिपनीहून आली होती, मुलगी केया तिच्या कॉलेजातून परस्पर आली होती, आणि भावाच्या विरोधात बोलायची संधी तिने लहानपणापासून कधी सोडली नव्हती. "त्यांना भोकं पाडू दे, नाहीतर झुंबर लटकवू दे. तुला काय त्रास होतोय?"

"ताई, तुला त्यातलं काय कळतं?"

"मला आबा कळतात."

मग सगळ्यांनी जावयाकडे पाहिलं. अतुलराव नेटवर्क इंजिनियर, जन्मभर शाकाहारी, आणि कांदा कापायच्या सुरीपलीकडे कुठल्याही शस्त्राशी संबंध न आलेले. पण कालच्या अख्ख्या प्रवासात गाडी सावनीने चालवली होती आणि ते फोनवर शिकाऱ्यांचे फोरम वाचत बसले होते.

"फोरमवर दोन ग्रुप आहेत, आबा," ते घसा साफ करून म्हणाले. "एक म्हणतो, बॅकअप पाहिजेच. दुसरा म्हणतो, आजकालचे स्कोप फेल होत नाहीत आणि माशी नुसती झाडाझुडपात अडकते. शिवाय स्कोप वर असताना माशी दिसणारच नाही. म्हणजे आधी स्कोप काढता यायला पाहिजे."

"म्हणजे तुमचं मत काय, अतुलराव?"

"मी दोघांच्या बाजूने आहे."

"जिजू, यार!" सिद्धेश म्हणाला.

आबा हसले, पण त्यांचं लक्ष जावयाकडे नव्हतंच. उन्हाळ्यात ते लायब्ररीत जातो सांगून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. उजव्या डोळ्यात, बरोबर मधोमध, एक डाग होता. वर्तमानपत्रावर चहाचा थेंब पडावा आणि नेमका मुख्य शब्द भिजावा, तसा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनं सुरू करू, आहे ते टिकवू, गेलेलं परत येईलच असं नाही. आबांनी मान डोलावली आणि येताना मीनाक्षीबाईंना दाखवायला लायब्ररीतून खरंच दोन पुस्तकं आणली.

त्यांना बंदूक चालवायची हौस आता फारशी राहिली नव्हती. दिसलं नाही तर ते चाप ओढणार नव्हते, तेवढी अक्कल शाबूत होती. पण नोव्हेंबरातल्या त्या जंगलात, पहाटेच्या गारठ्यात, हरणांना आवडणाऱ्या पर्सिमनच्या झाडाखाली बंदूक मांडीवर घेऊन बसणं, हे त्यांचं या देशातलं एकमेव तीर्थ होतं. डोळ्याचं कळलं तर मुलं ते बंद करणार. आणि नेम तर चुकणारच होता. दुर्बिणीतून चुकलेला माणूस आंधळा ठरतो. माशीवरून चुकलेला नुसता म्हातारा ठरतो, आणि आबांच्या म्हातारपणाला घरात कुणाचीच हरकत नव्हती.

"ठीक आहे," सिद्धेश अचानक म्हणाला. तो वडिलांकडे जरा जास्तच निरखून बघत होता. "उद्या आपण शूटिंग रेंजवर जातोच आहोत. बंदूक आत्ता आहे तशी, स्कोपमधून, पाच गोळ्या मारा. शंभर यार्डांवर पेपर प्लेट. तीन जरी प्लेटमध्ये लागल्या, तरी सोमवारी मी स्वतः मिलरकडे घेऊन जातो. पाडू दे किती भोकं पाडायची ती."

"आणि नाही लागल्या तर?"

"तर भोकं नाहीत. आणि यंदा जंगलही नाही."

पाटावरच्या समईची वात तडतडली. आबांनी नैवेद्याच्या श्रीखंडाच्या कागदी प्लेटकडे पाहिलं. एवढी मोठी वस्तू. त्यांनी उजवा डोळा जरा मिटून पाहिला, मग डावा, आणि डावा मिटल्यावर प्लेटमधलं श्रीखंड नाहीसं झालं.

"कबूल," ते म्हणाले.

*

जेवणं झाली आणि श्रीखंडाने आपलं काम केलं. अतुलराव सोफ्यावर, आबा खोलीत, सगळे आडवे. केया पाणी प्यायला खाली आली तेव्हा देवाजवळ आजी एकटीच बसली होती. मांडीवर बंदूक आणि हातात पुस्तकांचं शेल्फ जोडायला आलेली, स्क्रू फिरवायची ॲलन की. दुर्बीण बंदुकीवरून उतरून लाल कापडावर, विळीशेजारी निवांत पडली होती.

"आजी! स्टॉप! व्हॉट आर यू डुइंग?"

"हळू बोल. ही फट बघ. मागच्या वर्षीचं कुंकू अजून अडकलंय आत. शस्त्र असं ठेवतात का कुणी?"

केया आजीसमोर धपकन बसली. ती व्हर्जिनियातच मास्टर्स करत होती, आबांबरोबर दोन हंगाम थर्मास आणि रकसॅक वाहत जंगलात गेली होती, आणि यंदा तिने स्वतःचं शिकारीचं लायसन्सही काढलं होतं. हरणावर तिने अजून एकही गोळी झाडली नव्हती, पण रेंजवर तिचा हात चांगला बसला होता. "आजी, स्कोप असा काढायचा नसतो. इट्स झीरोड. म्हणजे सेट केलेला असतो. एवढासा हलला तरी शंभर यार्डांवर गोळी भलतीकडेच जाते."

"हो का?" आजीने फट पुसून दुर्बीण परत जागेवर ठेवली, एक डोळा मिटून भिंतीवरची फोटो फ्रेम सरळ करावी तशी जरा डावीकडे ढकलली. "मग होती तशी लावते. अंदाजाने."

"अंदाजाने नाही लागत ते!"

"माझं सगळं अंदाजानेच लागतं. श्रीखंडात साखर मोजली होती का मी? तू तीनदा घेतलंस." ॲलन की गरागरा फिरली. लोणच्याच्या बरणीचं झाकण लावताना आजीच्या मनगटात जो जोर येतो तो आला. "घट्ट बसली का बघ."

केयाने हलवून पाहिलं. दुर्बीण जागची हलली नाही. पण ती बरोबर जागी होती की नाही, हे सांगायला जगात फक्त एक कागदी प्लेट उपयोगी पडली असती.

"आजी, आबा उद्या चुकणार. मग मामा त्यांना घेऊन जाणार नाही. मला सांगावं लागेल."

आजीने ॲलन की पदराच्या गाठीत बांधली. "त्यांचं आधी होऊ दे. मग सिद्धेशलाही मारू दे. त्यानंतर तुला जे सांगायचं ते सांग. तोवर तुझं तोंड बंद."

"व्हाय सिद्धेशमामा?"

"पूजेची बंदूक आहे. घरच्या सगळ्यांचा हात लागला पाहिजे," आजी म्हणाली, आणि समईत तेल घालायला लागली. पूजेचा असा कुठलाही नियम नाही हे केयाला माहीत नव्हतं.

*

संध्याकाळपर्यंत घरातले पक्ष बदलले होते. सावनी रात्रीच्या भाजीसाठी मटार सोलत असताना सिद्धेश शेजारी येऊन उभा राहिला आणि न विचारताच सोलायला लागला. तेवढ्यावरून तिने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"ताई, मागच्या महिन्यात आबांनी स्टॉप साइन सोडला. ब्रेकवर पायच नाही. मी ओरडलो तेव्हा म्हणाले, अरे, तुला घाबरवायचं होतं."

सावनीने हातातली शेंग परत ढिगात टाकली. "आणि तू हे मला आत्ता सांगतोयस?"

"काय सांगू? मला तरी कुठे खात्री आहे. म्हणून तर ती पाच गोळ्यांची अट." त्याने एक दाणा तोंडात टाकला. त्रेचाळीसाव्या वर्षी, अविवाहित, आईवडिलांसोबत राहणाऱ्या माणसाला लोक घरात काय काय विचारतात, हे सावनीला ठाऊक होतं. जंगलात आबा त्याला काहीच विचारत नसत. नुसते शेजारी बसत, मधूनच कारखान्यातल्या गोष्टी सांगत, अर्धं सँडविच देत. "त्यांनी तीन मारल्या ना, तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल. मला त्यांना तिथे न्यायचंच आहे गं."

सावनीने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि वडिलांचा पक्ष सोडला. तिकडे अतुलराव मात्र झोपेतून उठले ते ठाम मत घेऊनच. अलास्कातल्या कुणा गृहस्थाची दुर्बीण अस्वलाने चावली होती. ते बायकोला सांगायला आले, "मी आबांच्या बाजूने. माशी पाहिजेच."

"गप्प बसा," सावनी म्हणाली. "आता आपण विरोधात आहोत."

*

दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं असतं, म्हणून रेंज मुद्दाम काउंटीची हद्द ओलांडून पलीकडची. सकाळी घरी उत्तरपूजा झाली, शस्त्रं हलवली, आणि सगळे एकाच व्हॅनमध्ये कोंबून निघाले. मीनाक्षीबाईंनी अंबाड्यावर गजरा माळला होता. रेंजवर कानांना आवाजबंद पट्टे लावावे लागतात. त्यांनी ते गजरा न चुरगळता कसे लावायचे यावर बराच वेळ घालवला. शेजारच्या बाकावरचे दोन दाढीवाले त्यांच्याकडे बघून आदराने जरा सरकले.

सिद्धेशने बोल्ट बसवला, बंदूक वाळूच्या पिशव्यांवर ठेवली, आणि मागे होऊन उभा राहिला. दूरवर पुठ्ठ्यावर टाचलेली कागदी प्लेट बटणाएवढी दिसत होती.

आबांनी पहिली झाडली. मग बराच वेळ घेऊन दुसरी. सिद्धेश बाजूला तिवईवर लावलेल्या मोठ्या दुर्बिणीतून प्लेट बघत होता. प्लेट कोरी होती. तिसरी गेली, चौथी गेली, प्लेटवर ओरखडासुद्धा नाही. पाचव्या गोळीआधी आबांनी डोकं उचललं, डोळे चोळले, पुन्हा गाल लावला. तीही गेली.

"किती?" आबांनी विचारलं.

सिद्धेश मोठ्या दुर्बिणीवरून डोळा काढेना. त्याला वाटलं होतं, दोन लागतील, आपण एक ढापून तीन म्हणू. शून्याची त्याने तयारी केली नव्हती. सावनीने त्याचा दंड धरला. दोघांनाही लहानपणी परीक्षेचा निकाल लपवताना वाटायचं तसंच वाटत होतं, फक्त या वेळी निकाल आबांचा होता.

"सिद्धेश, आता तू मार," मीनाक्षीबाई मागून म्हणाल्या. कानांवर पट्टे असल्यामुळे त्या जरा ओरडूनच बोलल्या. दाढीवाल्यांनीही वळून पाहिलं. "दसरा आहे. रिकाम्या हाताने परत जायचं नाही."

त्याला मुळीच इच्छा नव्हती. पण आईपुढे कोण बोलणार? तो बसला, प्लेटच्या बरोबर मध्यावर दुर्बिणीतली फुली धरली, तीन गोळ्या झाडल्या, आणि मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला. प्लेट कोरी.

"काय?" तो उठून उभा राहिला. पुन्हा वाकून पाहिलं. प्लेटच्या बऱ्याच खाली, डाव्या बाजूला, पुठ्ठ्यावर त्याची तीन भोकं एकमेकांना चिकटून बसली होती. "अरे! स्कोपच हललाय! आबा, स्कोप आउट आहे! तुमची चूकच नाही! ओ माय गॉड, ताई, स्कोप!"

त्याने वडिलांना मिठी मारली. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं, त्यामुळे आपले हात कुठे ठेवायचे ते आबांना कळेना. "पण हलला कसा?" सिद्धेशने विचारलं. केयाने आभाळाकडे पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं. आजीने सांगितल्याप्रमाणे आता बोलायची वेळ आली होती, पण मामा एवढा आनंदात होता की तिचं तोंड उघडेना.

"हेच तर मी सांगत होतो," अतुलराव पुढे झाले. "म्हणूनच बॅकअप लागतो. अलास्कात..."

"जिजू, शंभर टक्के! आबा, तुमचं बरोबर होतं. उद्या मिलर. माशी बसवायची म्हणजे बसवायची."

आबा जिंकले होते. भोकं मिळाली, जंगल मिळालं, वर मुलाची मिठी. गोळीबार थांबल्याचा लाल दिवा लागला तसे ते पुठ्ठा काढून आणायला स्वतः चालत गेले. केया त्यांच्यामागे गेली.

पुठ्ठ्यासमोर उभं राहून त्यांनी मान उजवीकडे वळवली आणि डाव्या डोळ्याने पाहिलं. बॉल बेअरिंगच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर तपासणी विभाग सांभाळला होता. नव्या पोराला पहिल्या दिवशी ते एकच गोष्ट शिकवत. सगळे नग एकाच बाजूला चुकले असतील तर मशीन सरकलंय, ते जागेवर आणता येतं. प्रत्येक नग वेगळीकडे चुकला असेल तर मशीनच झिजलंय.

सिद्धेशची तीन भोकं एका जागी होती. मशीन सरकलं होतं. आबांची चार भोकं पुठ्ठ्याच्या चार कोपऱ्यांत होती, आणि पाचवं पुठ्ठ्यावर नव्हतंच.

आबांना लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. पाचवी गोळी कुठे गेली ते त्यांना माहीत नव्हतं. इथे मागे मातीचा बांध होता. जंगलात बांध नसतो.

केयाने पुठ्ठ्यावरची भोकं एकदा डोळ्यांनी मोजली, मग आबांकडे पाहिलं, आणि आबांना कळलं की हिला कळलंय. तिने पुठ्ठा काढून काखेत मारला, भोकं आतल्या बाजूला करून.

*

अंगणातल्या रेडबडची पानं बरीचशी आपट्यासारखी दिसतात, म्हणून या घरात दसऱ्याला तेच सोनं. मीनाक्षीबाईंनी परातभर पानं तोडून ठेवली होती. एकमेकांना पानं देणं चालू होतं आणि त्याच वेळी भांडणही चालू होतं.

"सोनं घ्या आबा, सोन्यासारखे राहा. मिलरला मी मेसेज टाकलाय," सिद्धेश पाया पडत म्हणाला.

"टाकायचा नव्हता. माशी बसवायची नाही," आबा म्हणाले.

सिद्धेश वाकलेला तसाच राहिला. "म्हणजे? काल तुम्हीच..."

"काल मी म्हणालो. आज नाही म्हणतोय."

"पण आबा, मी आता तुमच्या बाजूने आहे!" सिद्धेश म्हणाला.

"मीही," अतुलराव म्हणाले.

"मी काल होते," सावनी म्हणाली. "मग मटार सोलताना सोडली. आता नक्की कुठे उभं राहायचं ते कुणीतरी सांगा."

आबा सोफ्यावर बसले. हातातलं पान त्यांनी गुडघ्यावर ठेवून नीट सपाट केलं. "माझ्या उजव्या डोळ्यात डाग आहे. मधोमध. उन्हाळ्यापासून. मला काल पूजेपाशी प्लेटमधलं श्रीखंड दिसलं नाही आणि आज रेंजवर प्लेट दिसली नाही. दुर्बीण सरकली होती हे खरं. पण माझी भोकं बघ, सिद्धेश. तू बघितलीच नाहीस."

केयाने पुठ्ठा आणून टेबलावर ठेवला. सिद्धेशने पाहिलं. तोही त्याच माणसाच्या हाताखाली वाढला होता. त्याला समजवावं लागलं नाही.

"मला चुकायला एक चांगलंसं कारण हवं होतं," आबा म्हणाले. "म्हणून माशी. त्या बिचाऱ्या नळीला उगाच भोकं पडली असती." त्यांनी पानाची कड पुन्हा सपाट केली. "मला जंगलात यायचं होतं रे. तेवढंच."

सावनीने डोळे पुसले आणि त्याच हाताने फोन उचलून डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव विचारायला लागली. सिद्धेश वडिलांशेजारी बसला. आणि ज्या शांततेत काहीतरी हळवं बोललं जाणार असं सगळ्यांना वाटत होतं, त्या शांततेत मीनाक्षीबाईंनी परात टेबलावर आपटली.

"सगळं सांगून मोकळे झालात? मग मी एवढं मनगट दुखवून ते स्क्रू कशाला फिरवले?"

सगळ्यांच्या माना वळल्या. केया उठून उभी राहिली. "आजी! यू डिड इट ऑन पर्पज? कुंकू..."

"कुंकू होतंच. पण ते मागच्या वर्षीही होतं." त्या आबांकडे वळल्या. "उन्हाळ्यापासून तुम्ही माझ्याशी बोलताना मान वाकडी करून एका डोळ्याने बघता. कोंबडा दाण्याकडे बघतो तसं. एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्ही मला सरळ बघितलंय, रागावलात तरी सरळ. मला कळणार नाही? लायब्ररीतून पुस्तकं आणलीत, ती उघडलीत का एकदा तरी?"

"मग बोलली का नाहीस, अगं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आणि काल हा पोरगा सगळ्यांसमोर पाच गोळ्यांची अट घालून बसला. माझ्या नवऱ्याला चारचौघांत आंधळा ठरवू द्यायचा का मी? म्हटलं, दुर्बीण आंधळी ठरू दे. तुम्हाला घरी मी एकटी ओरडले असते आणि डॉक्टरकडेही मीच ओढत नेलं असतं. बंदूकही काढून घेतली असती. पण ते आपल्या दोघांत."

अतुलरावांनी हळूच सिद्धेशला विचारलं, "हे फोरमवर टाकू का?" सिद्धेश हसायला लागला, आणि हसता हसता त्याला रडू आलं, म्हणून तो पाणी आणायला आत गेला.

परत आला तो तिजोरीतून बोल्ट घेऊनच. तो त्याने वडिलांच्या हातात दिला. काय करायचं ते न सांगता. आबांनी तो थोडा वेळ धरला, बोटांनी चाचपला, एकही खड्डा नाही याची खात्री केली, मग गुडघ्यावरचं रेडबडचं पान त्यावर ठेवलं आणि दोन्ही केयासमोर धरले.

"सोनं घे. बंदूक तुझी. पर्सिमनखाली वारा कुठून येतो, हरीण कुठून उतरतं, ते मला डोळे मिटूनही सांगता येतं. मी शेजारी बसेन. थर्मास आता मी धरतो."

केयाने वाकून नमस्कार केला आणि बोल्ट घेतला. सगळे बघत होते. कालपासून जो तो ज्या प्रश्नावर दोनदा पलटी खाऊन बसला होता, तो प्रश्न आता तिच्या हातात आला होता.

"मग मिलरचं काय करू?" सिद्धेशने विचारलं. "मेसेज कॅन्सल?"

"नाही," केया म्हणाली. "माशी बसवायची. आणि स्कोपला ते हँडलवाले रिंग्ज लावायचे, जे हाताने उघडतात आणि परत बरोबर त्याच जागी बसतात."

"आता कशाला? धुक्यासाठी?" आबांनी विचारलं. "ते दहा फाट्यांचं हरीण..."

"धुक्यासाठी नाही, आबा." तिने आजीकडे बोट दाखवलं. "खंडेनवमी दरवर्षी येते."

मीनाक्षीबाईंनी पदराची गाठ सोडली, ॲलन की काढली आणि कुंकवाच्या करंड्यात ठेवून झाकण लावलं. मग आबांसमोर येऊन त्या त्यांच्या डाव्या डोळ्याच्या बाजूला जरा सरकून उभ्या राहिल्या, त्यांना मान वळवावी लागणार नाही अशा, आणि पान पुढे केलं.

"घ्या सोनं," त्या म्हणाल्या. "आणि आता सरळ बघा."